गुरुपौर्णिमा होईपर्यंत

आई, तुझा आवाज आठवायचा म्हटलं की मला आधी फोनची खरखर आठवते. मिरजेच्या स्वयंपाकघरातला तुझा आवाज, "अगं, दूध बघ" म्हणणारा, मी किती वर्षं ऐकला असेन. पण तो आता येत नाही. येतो तो वाडीच्या एसटीडी बूथमधला. मागे देवळाची घंटा, शेजारच्या पेढेवाल्याचा गलबला, आणि त्यात तू, रिसीव्हर तोंडाशी धरून जरा जास्तच मोठ्याने बोलणारी, कारण परदेशातल्या माणसाशी मोठ्यानेच बोलावं लागतं असा तुझा ठाम समज. त्या उन्हाळ्यात तू आणि बाबा नरसोबाच्या वाडीला सेवेला, आणि मी इकडे आखातात, रुवैसला, दिवस भरत आलेली. दोघी एकेका जागी अडकलेल्या. फक्त तू आपल्या मर्जीने अडकली होतीस आणि मी नाही. एवढं वाक्य कागदावर उतरवायला मला इतकी वर्षं लागली बघ.

आपल्या नात्यात तुला बाळंतपणाला बोलावलं नाही असं घरच नव्हतं. आत्याची दोन्ही, काकूंची, मामेबहिणीची, शेजारच्या मास्तरीणबाईंच्या सुनेचंसुद्धा. पत्र यायचं, नाहीतर कुणीतरी दारात येऊन उभं राहायचं, आणि तू गॅसवरचं उतरवून कॉटखालची ट्रंक ओढायचीस. त्या ट्रंकेत मऊ झालेल्या धोतराचे तुकडे, बाळंतशोपा, डिंक, ओवा आणि शेकायची छोटी शेगडी कायम भरलेली असायची. आम्ही शाळेतून यायचो तर बाबा पिठलं ढवळत असायचे, आणि न विचारता कळायचं, आई गेली. सातवीत असताना मी एकदा रडले होते. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा, आणि तू तासगावला निघालीस. चप्पल घालता घालता म्हणालीस, "परीक्षा तुझी तू देणार आहेस. तिथं मुलगी अडलीय." ते बोलणं मला लागलं, पण पटलंही. अडलेल्या मुलीकडे तू जातेस, यात मला कधी शंकाच आली नाही. माझ्या पहिल्या वेळी मी रीतीप्रमाणे मिरजेलाच आले, तेव्हा तुला कुठे जायची गरजच पडली नव्हती. तू घरात होतीस आणि मी येऊन तुझ्या कॉटवर पडले.

बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले आणि त्यांच्या मनाने घेतलं की एक उन्हाळा दोघांनी दत्तमहाराजांच्या दारात काढायचा. देणगी देण्याइतकं आपल्याकडे नाही, हात आहेत ते देऊ, असं त्यांनी मला पत्रात लिहिलं होतं. अक्षय्य तृतीयेला सुरुवात, कारण त्या दिवसापासून पाण्याचं दान; आणि गुरुपौर्णिमेला सांगता. बाबांकडे घाटाच्या वरची पाणपोई. पहाटे माठ भरायचे, वाळा सोडायचा, येईल त्याला पाणी द्यायचं. तुझ्याकडे भक्तनिवासाचं स्वयंपाकघर. आणि गुरुजींसमोर हातावर पाणी घेऊन दोघांनी मिळून संकल्प सोडलेला, की सांगता होईपर्यंत क्षेत्र सोडायचं नाही. कृष्णा ओलांडायची नाही, पंचगंगा ओलांडायची नाही, शिरोळच्या रस्त्याला वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही. बाबांच्या गुडघ्याला लावायचं तेल पलीकडे कुरुंदवाडला चांगलं मिळतं म्हणे, तर तेवढ्यासाठीही ते गेले नाहीत. मला फार अभिमान वाटला होता. मी ते पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे म्हणाले, "छान आहे. रिटायर झाल्यावर परत ड्यूटी, आणि तीपण लीव्हशिवाय."

रुवैस तू नंतर पाहिलंस, पण त्या वेळी मी तिथे कशी राहत होते ते तुला कधी नीट सांगितलं नाही. कंपनीची घरं, कंपनीचं दुकान, कंपनीचं हॉस्पिटल, आणि पलीकडे रिफायनरी. अबू धाबी बसने काही तासांवर, मध्ये नुसती वाळू. मे लागला की खिडक्या बंद करायच्या, फटींना चिकटपट्टी लावायची, म्हणजे एसीचा गारवा जात नाही आणि धूळ येत नाही. मग त्या थंडी पडेपर्यंत उघडायच्या नाहीत. सकाळी आठला बाहेर पाऊल टाकलं तरी चष्म्यावर वाफ धरायची. मला गाडी येत नाही, एकटी कुठे जाणार, आणि जायला होतं तरी काय. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांब रिफायनरीच्या चिमणीवरची ज्वाळा दिसायची. नवीन आले तेव्हा संध्याकाळी सवयीने मी तिला हात जोडले होते. ह्यांना इतकं हसू आलं. त्या उन्हाळ्यात मात्र मी तिकडे बघायचं सोडून दिलं. सारखी जळत असायची आणि तिला कुणी विझवायला येत नाही, हे बघवत नव्हतं.

ह्यांचं तेव्हा शटडाऊन होतं. म्हणजे प्लँट बंद करून सगळी दुरुस्ती काढायची. बारा बारा तासांची पाळी, सुट्टी कुणालाच नाही. घरी आले की बूट काढता काढता झोपायचे. आणि इकडे बिल्डिंग रिकामी होत चाललेली. शाळा संपायच्या आधीच बायका मुलांना घेऊन देशात निघायच्या. निघताना प्रत्येक जण चावी आणि तुळशीची कुंडी माझ्याकडे आणून द्यायची. "तू आहेसच ना इथे, घाल गं जरा पाणी." त्यांचंही चुकलं नाही, मी होतेच. बाथरूमच्या खिडकीशी, हॉलमध्ये, दाराशी, जिथे जागा मिळेल तिथे मी कुंड्या ठेवल्या. सगळ्यांच्या तुळशी माझ्या घरात, आणि त्या सगळ्या जणी आपापल्या आयांकडे. पोट सावरत मी एकेकीला पाणी घालत फिरायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, थोडेच दिवस, आपली आई येतेय.

दुसऱ्या वेळी मीच मिरजेला येणार नव्हते, हेही खरं. थोरल्याची शाळा होती, आणि कंपनीच्या हॉस्पिटलात सगळं फुकट. माझं तिकीट बाराशे दिरहम, म्हणजे चौदा हजार रुपये, त्याचं वेगळं. त्यापेक्षा आईलाच बोलावू, असा मी हिशेब घातला. तू अक्षय्य तृतीयेच्या आधी फोनवर म्हणालीस, "गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी निघते बघ. तुझी तारीख कधीची?" मी म्हणाले, "जुलै." तू म्हणालीस, "मग झालं की." आणि आपण दोघी खूश. मी काय केलं, तर गेल्या वर्षीची गुरुपौर्णिमा आठवली, त्यातून नेहमीसारखे दहा-अकरा दिवस वजा केले, आणि जूनची अखेर धरली. तू समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलंस, गुरुपौर्णिमा जुलैत दिसली, आणि तुझं समाधान झालं. मिरजेहून दर वर्षी तू तिथींचं कॅलेंडर पाठवायचीस ते त्या वर्षी पोस्टात कुठेतरी गहाळ झालं होतं. माझ्या भिंतीवर कंपनीचं, त्यावर इंग्रजी तारखा आणि अरबी महिने. एकादशी मी मैत्रीण फोनवर सांगेल तशी धरायचे. दमडीचा हिशेब लिहून ठेवणारी मी, त्या वर्षी अधिक महिना आहे हेच विसरले. ह्यांनी तुझा व्हिसासुद्धा जूनच्या हिशेबाने काढून ठेवला.

ते कळलं ते असं. शुक्रवारी दर कमी असायचे म्हणून मी शुक्रवारीच फोन करायचे. तीस दिरहमचं कार्ड, म्हणजे साडेतीनशे रुपये, ते मी महिनाभर पुरवायचे. बूथवाल्याने तुला हाक मारली, तू धापा टाकत आलीस.

"काय सांगू बाई, अधिक लागल्यापासून पंगतीवर पंगत उठतेय. परातीत कणीक मावत नाही."

"कसला अधिक?"

"अधिक ज्येष्ठ. आणि जावयाचं वाण राहिलंच बघ माझं! तेहतीस अनारसे करायचे, तर इथं हात मोकळा होईल तेव्हा ना."

"आई, मग गुरुपौर्णिमा कधी आहे?"

"आहे की, जुलैच्या शेवटाला."

मी बोटांवर दिवस मोजले. कार्डाचे पैसे पळत होते.

"माझी तारीख जुलैच्या सुरुवातीची आहे, आई."

"तू जुलै म्हणालीस."

"तू गुरुपौर्णिमा म्हणालीस."

मागे घंटा वाजत होती. तू हळूच म्हणालीस, "अगं बाई गं." तुझ्या तोंडून इतक्या हळू आवाजातलं वाक्य मी फोनवर पहिल्यांदाच ऐकलं.

तेव्हाच मी विमानात बसून आले असते तर? ते पण विचारून झालं. मला आठवा लागलेला, पाय सुजलेले, बीपी वर. हॉस्पिटलातल्या इजिप्शियन डॉक्टरीणबाईंनी विमानाचं सर्टिफिकेट द्यायला साफ नकार दिला. माझ्या घोट्यावर बोट दाबून मला तो खड्डा दाखवला, म्हणाल्या, "नो फ्लाय. खलास." तिथून घरी येताना गाडीत मी रडले नाही. गाडीच्या काचेबाहेर वाळू आणि कुंपण, कुंपण आणि वाळू. मला वाटत होतं, मी या गावात आले तेव्हा माझ्यामागे कुणीतरी फाटक लावून घेतलंय आणि मला आज कळतंय.

ह्यांचं म्हणणं सरळ होतं. "त्यात एवढं काय? फोन उचल आणि म्हण, आई, ये. एक वाक्य आहे. देवाला काय कळत नाही का?"

"संकल्प सोडलाय त्यांनी."

"आपण पण लग्नात कसले कसले संकल्प सोडले, आठवतात तुला?"

"थट्टा करू नका."

"बरं, मी बोलतो बाबांशी."

"अजिबात नाही," मी म्हणाले, आणि इतक्या जोरात म्हणाले की थोरला खोलीतून बाहेर आला. "व्हॉट हॅपन्ड? इज आजी नॉट कमिंग?"

मी देवभोळी आहे, आई, तूच केलीस तशी. माझ्या पोटात बाळ, आणि त्याच्यासाठी दत्ताच्या दारातला संकल्प मोडायचा, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. काही कमी-जास्त झालं तर? जन्मभर मी काय म्हणणार होते? दिवसा मला हे अगदी खरं वाटायचं. दुपारी आडवी पडले, एसीची घरघर सुरू असली, की दुसरंच मनात यायचं. ती तासगावला गेली होती. माझी परीक्षा सोडून गेली होती. शेजारच्या मास्तरीणबाईंच्या सुनेकडे गेली होती. मग उठून मी तुळशींना पाणी घालायचे.

पुढच्या शुक्रवारी फोन केला तर तू बूथमध्ये आधीच येऊन बसलेली. म्हणजे तू वाट बघत होतीस. बाबा पण होते तुझ्याशेजारी, त्यांचा खोकला ऐकू येत होता. तू म्हणालीस, "गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, अडचणीला शास्त्रात सोय आहे. थोडं प्रायश्चित्त घ्यायचं, उरलेली सेवा ह्यांनी दोघांच्या वतीने करायची. मुलीच्या बाळंतपणाला दोष नाही."

मी 'बरं' म्हणणार, तेवढ्यात तू पुढे म्हणालीस, "तर आता तू सांग. तू ये म्हणालीस तर येते."

आई, तू फक्त "येते" का नाही म्हणालीस? शास्त्राने वाट दिली, गुरुजींनी दिली, बाबांनी शेजारी बसून दिली, आणि तू ती माझ्या हातात आणून ठेवलीस. तासगावच्या मुलीने तुला ये म्हटलं नव्हतं. तिचं कुणीतरी माणूस दारात उभं राहिलं होतं, आणि तू चप्पल घातली होतीस. मी रिसीव्हर धरून उभी. हातात कार्ड. समोरच्या भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर. मी म्हणाले, "नको. संकल्प पुरा कर. इथे सगळी सोय आहे, हॉस्पिटल आहे, शेजारी भाभी आहेत. मी बघते."

आणि तू श्वास सोडलास.

एवढंच. कुणाला ऐकूही आला नसता. पण मी तुझी मुलगी, मला तो कळला. लांबून चालत आल्यावर ओझं खाली ठेवताना माणूस सोडतो ना, तसला तो श्वास होता. मग लगेच तू मोठ्याने सुरू केलंस, ओवा घे, पाठ शेक, थंड पाण्यात हात घालू नकोस. मी हूं हूं करत राहिले. फोन ठेवल्यावर मी हिशेबाच्या वहीत कार्डाचे पैसे लिहिले, ह्यांचा डबा घासला आणि भात लावला.

भाभी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या, रत्नागिरीकडच्या. त्यांचे मिस्टर कंपनीच्या स्टोअरमध्ये. तू त्यांना पाहिलंस. त्या उन्हाळ्यात त्या गेल्या नव्हत्या, कारण त्यांच्या मुलाची बारावीची पुरवणी परीक्षा. दुपारी त्या खाली यायच्या, सोफ्यावर बसायच्या आणि माझे पाय आपल्या मांडीवर घ्यायच्या. मला लाज वाटायची. मोठी बाई, नमाजी, आणि माझे पाय. त्या म्हणायच्या, "गप गो बाय. पाय आहेत का सुरण?"

एकदा त्यांनी विचारलं, "आई कवा येतेय?" मी सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "म्हंजे तुझी आई देवाची नोकरी करते, आनि देव सुट्टी देत नाय. आमच्या ह्यांच्या मॅनेजरासारका हाय तुझा देव."

"देव देतोय सुट्टी," मी म्हणाले. "मीच नको म्हटलं."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. खोबरेलाचा हात तसाच माझ्या पोटरीवर थांबला. "तू नको म्हनालीस," त्या म्हणाल्या, "आनि ती ऐकली?" मग मान हलवून त्या परत चोळायला लागल्या. मला त्यांचा राग आला. तुला कुणी काही बोललेलं मला आवडत नव्हतं, खरं बोललेलं तर मुळीच नाही.

पोरगी झाली ती दुपारी. हे प्लँटवर, फोन लागेना. भाभींच्या मिस्टरांनी गाडी काढली. भाभी मागे माझ्याशेजारी बसल्या आणि सगळा रस्ता कसल्याशा दुवा पुटपुटत राहिल्या. मी दत्ताचं नाव घेत होते. मध्ये एकदा कळ आली आणि मी "आई गं" म्हणाले. सगळ्याच बायका म्हणतात, त्यात काही नाही. पण मला त्या वेळी सुद्धा वाटलं, हे नाव नको घ्यायला, तिला तिकडे ऐकू जाईल आणि तिचं लक्ष उडेल. बघ, कुठल्या वेळी माणूस काय विचार करतं. लेबर रूममध्ये मी आणि एक केरळी सिस्टर. ती हिंदीत म्हणत होती, "मम्मी, पुश करो." मला मम्मी म्हणत होती. बाराव्या दिवशी भाभींनी डिंकाचे लाडू आणले, थोरल्याने मोठ्या कागदावर बहिणीचं नाव इंग्रजीत रंगवून भिंतीला लावलं, आणि पाळणा मी एकटीनेच म्हटला. दोन कडवी आठवली, बाकीची नाही.

गुरुपौर्णिमा झाली आणि तू आलीस. पहिला व्हिसा वाया गेला होता, दुसरा काढावा लागला. हे तुला अबू धाबीच्या विमानतळावरून घेऊन आले तेव्हा तू दारात उभी, नऊवारीवर स्वेटर घातलेली, कारण कुणीतरी तुला विमानात थंडी असते म्हणून सांगितलं होतं. घामाने निथळत होतीस. हातात ट्रंक नव्हती, पिशवी होती. तू आधी बाळ घेतलंस. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "वाळलीस गं." तुझ्या हाताला पोळीच्या तव्याचे चटके होते, पण चेहरा असा दिसत होता की मला ओळखू येईना. भरलेला. तुझ्या कपाळावरची ती आठी, जी मी जन्मापासून बघत होते, ती गेली होती. लोक हवापालट करून येतात तेव्हा असे दिसतात.

मग आपण दोघी त्या बंद घरात. तू पहिल्या दिवशी खिडकी उघडायला गेलीस, चिकटपट्टी बघून परत आलीस. दोन दिवसांनी म्हणालीस, "इथं दिवस मावळलेला कळत नाही गं." बाळाला न्हाऊ घालून झालं, पोळ्या झाल्या, की तू दारातून खिडकीत, खिडकीतून दारात. तुला वाडीची सवय लागली होती. पहाटे नदी, घाट, शेकडो माणसं. मी तुझ्याकडे बघायचे आणि मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगू, थोडं बरंही वाटायचं.

जावयाचे अनारसे तू विसरली नव्हतीस. वाडीतच तांदूळ भिजवून, कुटून, गूळ घालून पीठ करून आणलं होतंस, पिशवीत तळाशी स्टीलच्या डब्यात. मी म्हणाले, "आई, अधिक संपून दीड महिना होऊन गेला." तू म्हणालीस, "महिना गेला, जावई कुठं गेलाय?" दुपारची वेळ, बाळ झोपलेलं. तू ओट्याशी उभी राहून खसखशीवर अनारसा थापत होतीस आणि मी झारा धरून तुपाशी. पहिला अनारसा हसला, तुपात सुटून विरघळला. तू म्हणालीस, "तुझ्या घरातलं तूपच वात्रट." आपण दोघी हसलो. किती दिवसांनी. आणि त्या हसण्याच्या भरात मी विचारलं, "तुला करमलं का गं तिथे?"

तू पुढचा गोळा हातावर घेऊन तसाच ठेवलास. म्हणालीस, "करमलं म्हणजे काय. मला तिथं कुणी न्यायला येणार नव्हतं. आलं असतं तरी मी सांगू शकत होते, नाही येता येत, संकल्प आहे. जन्मात पहिल्यांदा. मी पोळ्या लाटायची, कितीही लाटायची, दमायचीच नाही. कारण दारात कोण उभं राहील याची धास्ती नव्हती. पस्तीस-चाळीस वर्षं मी दाराकडं कान ठेवून जेवलेय." तू अनारसा थापलास, तुपात सोडलास. "तुझ्या बाबांना वाटलं, मी त्यांच्यासाठी संकल्प सोडला. मी माझ्यासाठी सोडला होता."

मी वर तूप उडवत होते. मी म्हणाले, "आणि नेमका निरोप माझाच आला."

"हो," तू म्हणालीस. "तुझाच आला."

मी तुझ्याकडे बघितलं नाही. तू पिठाचे हात पदराला पुसलेस आणि म्हणालीस, "तू त्या दिवशी ये म्हणाली असतीस ना, तर—"

"आई, गॅस बारीक कर," मी म्हणाले. "करपतील."

तू गॅस बारीक केलास. बाळ उठलं. मी आत गेले. ते वाक्य तू पुन्हा कधी सुरू केलं नाहीस, आणि मीही तुला करू दिलं नाही. तू परत गेलीस, पुढच्या वर्षी बाबा गेले, त्यानंतर थोड्याच वर्षांत तू. मधे मी दोनदा मिरजेला येऊन गेले. एकदा आपण रात्री अंगणात बसलो होतो, तू बोलायला लागलीस, "ते वाडीचं वर्ष—", आणि मी उठून पाणी आणायला गेले.

आता मी मुलाकडे असते, आखातातच, पण शहरात, डिस्कव्हरी गार्डन्सला. खाली झाडं आहेत, संध्याकाळी बायका भेटतात, कोपऱ्यावर भाजी मिळते. खिडकी उघडते, हिवाळ्यात मी उघडीच ठेवते. पोरगी इथे नाही, ती तिच्या नोकरीच्या गावी. लोक तुझा विषय निघाला की मला म्हणतात, तुमची आई किती धार्मिक, आणि तुम्ही किती समजूतदार, एकटीने सगळं निभावलं पण आईचा संकल्प मोडू दिला नाही. भजनी मंडळात मी स्वतः ही गोष्ट सांगते. छान वाटते ऐकायला. मी सांगते तेव्हा तो श्वास सांगत नाही.

तुझ्यावरचा राग गेला, आई. अनारसे तळताना तू जे बोललीस ते मला तेव्हा झोंबलं होतं, पण माझी स्वतःची मुलं मोठी होईपर्यंत, सासरची आजारपणं उरकेपर्यंत, मला त्याचा अर्थ कळत गेला. तू तुझ्या वाट्याचा एक उन्हाळा घेतलास. घ्यायलाच हवा होतास. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. म्हणायचं आहे ते माझ्याबद्दल, आणि ते मी ह्यांना सांगितलं नाही, भाभींना नाही, देवासमोर बसूनही नीट शब्दांत म्हटलं नाही.

मी त्या दिवशी फोनवर "नको" म्हणाले ते संकल्पासाठी नव्हतं. बाळाला काही होईल म्हणूनही नव्हतं. मी "ये" म्हणेन आणि तू तरीही येणार नाहीस, याला मी भ्याले होते. तू नाही म्हणायच्या आधी मीच नको म्हटलं. म्हणजे मग मला जन्मभर म्हणता आलं, बोलावलं असतं तर आली असती. त्या वाक्याचा आधार मला अजून लागतो, आई. तुझं उत्तर मला आजही नको आहे. म्हणून तर हे सगळं तू असताना लिहिलं नाही, उत्तर येणार नाही याची खात्री झाल्यावर लिहिते आहे.